आईच्या पाठीचं माप

माझ्या आईच्या ब्लाऊजचा मागचा भाग पुढच्यापेक्षा लांब कापावा लागतो. शिवणाच्या वर्गात नेमकं उलट शिकवतात. पुढे छातीचा उभार असतो, म्हणून पुढचं कापड लांब आणि मागचं थोडं आखूड. हा हिशेब ताठ उभ्या राहणाऱ्या बाईचा आहे. आईने आता ऐंशी ओलांडली. मणक्यांमधल्या चकत्या झिजल्यात, पाठ वरच्या बाजूला गोल झालीय, खांदे पुढे आलेत आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत टेप धरली तर ती पाठीचा सगळा बाक चढून उतरते, त्यामुळे ते माप वाढलंय. पुढून गळ्यापासून कमरेपर्यंतचं माप घटलंय.

छातीचं माप मात्र वर्षानुवर्षं ३६ च आहे. त्यामुळे दुकानात "३६ नंबर द्या" म्हणायचं, ३६ नंबरचा ब्लाऊज घरी यायचा आणि तिला तो बसायचा नाही. मागून वर चढायचा, गळा मानेकडे ओढला जायचा, पुढे छातीखाली आडवी घडी पडायची आणि बाही दंडाला काचायची. दिवसभर तिचा एक हात पाठीमागे, ब्लाऊज खाली ओढत. शिंप्याकडे टाकायचा तर आपल्याकडे मापाचा ब्लाऊज द्यायची पद्धत. तो मापाचा ब्लाऊज दहा वर्षांपूर्वीचा, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या आईचा. त्यावरून शिवलेला नवा ब्लाऊज त्या आईला अगदी छान बसला असता.

मी शिवण शिकले ते यासाठी. पैसे वाचतात, हात रिकामे राहत नाहीत, मन रमतं, ही सगळी कारणं खरी आहेत, पण माझं कारण आईची पाठ हे होतं. आणि शिकत गेले तसं माझं एक मत पक्कं होत गेलं: घरच्या शिवणाची खरी जागा तिथे आहे, जिथे बाजाराचा नंबर माणसापर्यंत पोचत नाही.

आमच्या भागात एका बाईंच्या घरी वर्ग चालतो. दारावर फॉल-पिकोची पाटी, आत दोन पायमशिनी, भिंतीला टेकवलेलं कटिंगचं टेबल आणि खिळ्याला लटकवलेल्या वर्तमानपत्राच्या जुड्या. क्रम ठरलेला. झबलं, टोपडं, चड्डी, परकर, फ्रॉक, मग ब्लाऊज. ब्लाऊजमध्येही आधी साधा, मग अस्तराचा, मग कटोरीचा. प्रत्येक कपडा आधी वहीत लहान प्रमाणात कागदावर कापून चिकटवायचा, मग वर्तमानपत्रावर पूर्ण मापात, आणि शेवटी कापडावर. सुरुवातीला मशीनवर दोरासुद्धा ओवू देत नाहीत. रिकाम्या सुईने रेघी कागदावरच्या रेषांवरून टीप मारायची. भोकांची ओळ रेषेवर आली की पाय बसला. पायमशीनचं हे एक वैशिष्ट्य आहे. चाक पुढेच फिरत राहिलं पाहिजे. पायाने ते क्षणभर उलटं फिरवलं तरी दोरा गुंततो किंवा तुटतो. म्हणून हाताने चाकाला सुरुवातीचा झोक द्यायचा आणि मग टाच-चवडा, टाच-चवडा ही लय धरून ठेवायची. काही दिवसांनी पाय ते आपोआप करतात आणि डोळे फक्त कापडाकडे राहतात.

मशीनची टीप पडते कशी, हे बाईंनी एकदा झाकण सरकवून दाखवलं होतं. सुई वरचा दोरा घेऊन खाली जाते, परत वर येताना खाली दोऱ्याचा छोटा फास सुटतो, तो फास शटलची, म्हणजे सुईखाली हलणाऱ्या भागाची, चोच पकडते आणि अख्ख्या बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाभोवती, फिरवते. दोन दोरे एकमेकांत अडकतात, आणि दोघांचा ताण सारखा असेल तर ती अडकण कापडाच्या जाडीत मधोमध लपते. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसायला लागले की बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याच्या ताणात असतो, बॉबिनमध्ये नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मशीनची भीती जाते. ज्यांना शिवण शिकवायचंय त्यांनी पहिल्याच दिवशी हे झाकण सरकवून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

सूत्रं मग येतात. छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईची, खोलीही छातीवरूनच. मुंबईच्या झारापकरांची कटिंगची पद्धत मराठी शिवणाच्या जगात पिढ्यांना पाठ आहे, आणि गल्लीतल्या वर्गातल्या वहीत जी सूत्रं उतरतात ती अशाच पद्धतींच्या वळणाची. या सूत्रांबद्दल मला आदर आहे. एका मापावरून अख्ख्या अंगाचा नकाशा काढायचा, ही बुद्धीची मोठी झेप आहे, आणि भूमितीत कधी जीव न रमलेल्या कितीतरी बायका खडूने ती रोज सहज घेतात. पण सूत्राच्या पोटात एक गृहीत बसलेलं असतं: छाती एवढी असेल तर खांदा एवढा असणार, पाठ एवढी असणार. पंचविशीत ते बहुधा खरं ठरतं. ऐंशीत ठरत नाही.

शिंप्याची टेप ही तशी अलीकडची गोष्ट. अठराव्या शतकात युरोपातले शिंपी कागदाची लांब पट्टी वापरत. गिऱ्हाइकाच्या छातीभोवती, कमरेभोवती, दंडाभोवती ती पट्टी धरायची आणि जिथे टोक येईल तिथे कात्रीने खाच पाडायची. पट्टीवर आकडा कुठेच नाही. कुणाची पट्टी ते लिहून ठेवायचं, आणि ती पट्टी म्हणजे तो माणूस. इंचांच्या खुणा असलेली टेप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली आणि मगच एका माणसाचं माप दुसऱ्याच्या मापाशी जुळवून बघता यायला लागलं, त्यातून प्रमाणं निघाली, सूत्रं निघाली, पुढे नंबर निघाले. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारी खात्याने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली होती. हेतू रेडिमेड कपड्यांसाठी प्रमाण ठरवण्याचा. पण जमेला धरली ती फक्त गोऱ्या बायकांची मापं. नंबर ठरवताना कुणाला मोजलं आणि कुणाला वगळलं, हा प्रश्न तेव्हापासूनच आहे.

आपल्याकडे २०१८ साली इंडियासाइझ नावाचा प्रकल्प जाहीर झाला. निफ्ट या फॅशन तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेने तो हाती घेतला. २५,००० माणसांची अंगं थ्री-डी स्कॅनरने मोजायची आणि अमेरिकी-युरोपी नंबरांऐवजी भारतीय नंबर ठरवायचे. काम फार गरजेचं आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. आपल्या बाजारात अजून बाहेरचेच नंबर चालतात आणि त्यात आपले खांदे-दंड बसत नाहीत, हे खरेदीला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पण या प्रकल्पात माणसं घ्यायची ती १५ ते ६५ वयाची. आई त्या टोकाच्याही कितीतरी पुढे निघून गेलीय. कपडे रोजचे, साडी रोजची, ब्लाऊज रोजचा, आणि तिला मोजणारं कुणी नाही. मग मोजायचं मीच.

म्हाताऱ्या माणसाचं माप घेणं हे वेगळं कौशल्य आहे. टेप दिसली की माणूस ताठ होतो. आईसुद्धा होते. हनुवटी वर, खांदे मागे, पोट आत. त्या अवस्थेत घेतलेलं माप हे तिच्या शाळेतल्या कवायतीचं माप, रोजच्या जगण्याचं नव्हे. ती तशी अर्धा मिनिटही उभी राहू शकत नाही.

"सरळ उभी राहू का गं?" तिने विचारलं.

"नको. तू मेथी निवड."

ती स्टुलावर बसली, पुढ्यात मेथीची जुडी. मी मागे उभी. मान जिथे खाली वाकते तिथे जो ठळक मणका हाताला लागतो, त्यावर टेपचं टोक धरलं आणि पाठीच्या बाकावरून, खांद्याच्या पात्यांच्या मधून, कमरेपर्यंत आणलं. सुती ब्लाऊजखाली तिच्या पात्यांची हाडं बोटांना लागत होती. पाने खुडताना दर वेळी उजवं पातं सरकायचं. तेव्हा कळलं की पाठीची रुंदी नुसती बसलेली घेऊन चालणार नाही. हात पुढे गेल्यावर ती इंचभर वाढते. ते माप मी तिचे दोन्ही हात मेथीत असतानाच घेतलं. मग डावा खांदा, उजवा खांदा, वेगवेगळे. दोन्हींत अर्धा इंच फरक होता. वहीत एका बाईच्या नावापुढे दोन खांद्यांची दोन मापं मी पहिल्यांदाच लिहिली.

"एवढं काय लिहितेस? ब्लाऊजच शिवायचाय ना?" आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, मेथीतून मान वर न करता, "माझ्या आईचीही अशीच झाली होती पाठ. ती शेवटी शेवटी ब्लाऊजच्या पाठीला खालून पट्टी जोडून घ्यायची. दुसऱ्याच रंगाची. पदराखाली कोण बघतंय म्हणायची."

आजीचा इलाज खालून पट्टी जोडायचा. कामचलाऊ का होईना, पण दुखणं तिने बरोबर ओळखलं होतं: मागची लांबी कमी पडतेय. फक्त ती लांबी खाली नको असते, वर हवी असते, बाक जिथे आहे तिथे.

हे कागदावर करून बघायला मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. ब्राऊन पेपरवर मागच्या भागाचा नेहमीचा आराखडा काढायचा. पाठीचा बाक सगळ्यात जास्त जिथे आहे, तिथे पाठीच्या मध्यरेषेपासून मुंढ्याकडे आडवी रेघ मारायची. कात्रीने ती रेघ मध्यापासून कापत जायची, पण मुंढ्याशी केसभर कागद न कापता ठेवायचा, बिजागरीसारखा. आता वरचा तुकडा वर उघडायचा. आईच्या मापाला मध्याशी पाऊण इंच उघडला. खालून दुसरा कागद लावून फट चिकटवून टाकायची. मध्यरेषा आता वरच्या बाजूला तिरकी झालेली दिसते. ती पुन्हा पट्टीने सरळ करायची. तसं केलं की मानेशी रुंदी वाढते, गळा सैल पडेल. ती जास्तीची रुंदी मानेच्या दोन्ही बाजूंना छोट्या टक्समध्ये, म्हणजे कापड चिमटून मारलेल्या निमुळत्या शिवणीत, घ्यायची, टक्सचं टोक बाकाच्या दिशेने. छातीच्या गोलाईसाठी पुढे टक्स घेतो तेच तत्त्व. सपाट कापडाला गोल करायचं तर कुठेतरी चिमटावं लागतं, मग ती छाती असो की पाठ. म्हाताऱ्या पाठीलाही टक्स हवा, हे मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. बाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "ठेवा हा इथे. पुढच्या बॅचला दाखवते."

पुढचा भाग उलट. तिथे छातीच्या वर अर्धा इंच चिमटून कमी केला. खांद्याची शिवण पुढे सरकवली, कारण तिचे खांदेच पुढे आलेत. नेहमीच्या जागी शिवण ठेवली तर ती मागे पडल्यासारखी दिसते आणि बाही फिरते. उजव्या खांद्याचा उतार जास्त कापला, आणि जेवढा खांदा खाली आला तेवढाच त्या बाजूचा मुंढाही खाली घेतला. हे महत्त्वाचं आहे. नुसता खांदा कापला तर मुंढा लहान होऊन काखेत रुततो.

मुंढ्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. हात वर होत नसेल तर मुंढा मोठा, खोल कापा, म्हणजे मोकळा होईल, असं शिंपीही सांगतात. प्रत्यक्षात खोल मुंढ्याचा ब्लाऊज हात उचलला की अख्खा वर ओढला जातो, कारण बाही काखेपासून खूप खाली, कुशीत जोडलेली असते. मुंढा काखेच्या जवळ ठेवायचा आणि मोकळीक बाहीच्या रुंदीत द्यायची. जुन्या सदऱ्यांच्या काखेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवलेला असायचा, तो याचसाठी. आईच्या ब्लाऊजला मी तो लावते. दीड इंचाचा, ब्लाऊजच्याच कापडाचा. खांद्याच्या दुखण्यामुळे तिचा उजवा हात कानापर्यंतच जातो, पण आता जेवढा जातो तेवढा जाताना ब्लाऊज आड येत नाही.

कापडाचं सांगायचं तर टू बाय टू रुबियाला पर्याय नाही. उभ्या आणि आडव्या दोन्ही धाग्यांत दोन पदरी पिळलेलं सूत, त्यामुळे अंगाला मऊ आणि तरी टिकाऊ. सुती अस्तर मात्र आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. अस्तर न भिजवता शिवलेला ब्लाऊज पहिल्या धुण्यात आतून आटतो, वरचं कापड तेवढंच राहतं, आणि सगळीकडे फुगे येतात. पाण्यातून काढायचा कंटाळा करू नये, एवढंच.

हूकचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. आईच्या बोटांचे सांधे सुजतात आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही जवळचं बारीक तिला नीट दिसत नाही. ब्लाऊजचे बारीक हूक तिला दिसायचे नाहीत आणि दिसले तरी चिमटीत धरता यायचे नाहीत. प्रेस बटण सोपं वाटतं, पण ते दाबायला अंगठ्यात जोर लागतो. वेलक्रो अंगाला टोचतं आणि साडीच्या धाग्यांना धरतं. शेवटी पँटला लावतात ते मोठे चपटे हूक लावले, सहाऐवजी चारच, आणि पट्टी रुंद केली म्हणजे मधलं उघडं पडणार नाही. हूक अडकवायच्या दोऱ्याच्या कड्या ब्लाऊजच्या रंगाच्या न करता ठळक लाल दोऱ्याने केल्या. पांढऱ्या ब्लाऊजवर चार लाल कड्या. वर्गात हे केलं असतं तर गुण कापले गेले असते. आई आता कुणाला हाक न मारता ब्लाऊज घालते. हाक न मारता, हे मला त्या सगळ्या शिवणात सगळ्यात मोलाचं वाटतं. ऐंशी वर्षांच्या बाईला रोज सकाळी कुणाला तरी "जरा हूक लावून दे गं" म्हणावं लागू नये, ही गोष्ट लहान नाही.

परकरात फार काही केलं नाही. सहा कळ्यांचा नेहमीचाच, पण नेफ्याऐवजी रुंद पट्टा आणि मागच्या अर्ध्या भागात इलॅस्टिक. वर्षानुवर्षं नाडी एकाच जागी आवळून कमरेवर जो काळा करकोचा पडतो, तो बहुतेक मराठी बायकांच्या अंगावर आहे आणि त्याची तक्रार कुणी करत नाही. करायला हवी.

गाऊनमध्ये मात्र धोका लपलेला असतो. पाठ वाकली की गाऊन मागून उचलला जातो आणि पुढून जमिनीला टेकतो. म्हातारी माणसं खुर्चीतून उठताना पुढे झुकतात, पुढची कड पायाखाली येते, आणि पडतात. रेडिमेड गाऊन आणला की घालायच्या आधी त्याची पुढची कड दोन इंच वर घेऊन कुशीकडे उतरती तुरपून टाका. त्यासाठी मशीनही नको, सुई-दोरा आणि अर्धा तास पुरतो. खिसा छातीवर नको, उजव्या मांडीवर, हात सरळ खाली सोडल्यावर पंजा जिथे पोचतो तिथे. त्यात फोन ठेवता आला पाहिजे.

माणसाच्या मापाचं हे सगळं मला मोठ्यांसाठी शिवताना कळलं, पण आपल्या आज्या-पणज्यांना ते तान्ह्यांच्या बाबतीत आधीच ठाऊक होतं. भाचीला बाळ झालं तेव्हा तिच्यासाठी झबली शिवत बसले होते. तिने विचारलं, "मावशी, या झबल्याला बंदच का? डोक्यातून घालायचा छोटा टीशर्ट का नाही चालत?" नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि छातीचा त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. डोकं छातीपेक्षा मोठं! शिवाय मान धरत नाही. मग डोक्यातून घालायचं कापड एकतर गळ्याशी सैल राहणार, नाहीतर डोक्यात अडकणार. म्हणून झबलं पुढून किंवा मागून उघडं आणि बंदांनी बांधायचं. बाळ वाढेल तसे बंद सैल बांधायचे. कापड आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचं, कारण धुऊन धुऊन त्यातली खळ आणि खरखर कधीच गेलेली असते. शिवणी अंगाला लागू नयेत म्हणून बाहेरच्या बाजूला ठेवायच्या. कुठल्याही तक्त्यात न मोजलेलं बाळ त्यांनी असं हातांनी मोजलं होतं.

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद केला होता. १९२४ साली झालेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनचं उदाहरण दिलं. हातांनी शिवत बसलेल्या बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून सिंगरने ते प्रेमापोटी बनवलं, अशी त्यांची समजूत होती, आणि माणूस केंद्रस्थानी ठेवणारं यंत्र त्यांना मान्य होतं. सिंगरची खरी गोष्ट इतकी सरळ नव्हती. टोकाशी भोक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांची टीप एलियस हाऊच्या १८४६ च्या पेटंटात होती, सिंगरचं पेटंट १८५१ चं, आणि दोघांचं पुढे कोर्टकचेरीपर्यंत गेलं. पण गांधीजींचा मुद्दा मला तरीही बरोबर वाटतो. हेच यंत्र कारखान्यात हजारोंनी मांडलं की एका नंबरचे हजारो कपडे निघतात, आणि घराच्या खिडकीशी एकटं असलं की एका माणसापुरतं चालतं. आमच्या घरची उषाची काळी मशीन आईचीच. तिने त्यावर आम्हा भावंडांचे शाळेचे कपडे शिवले, खालची दुमड चार बोटं ठेवून, म्हणजे दर जूनमध्ये एक बोट सोडता येईल. तिने आमची वाढ आधीच मापात धरली होती. मी तिचं वाकणं धरते आहे.

आता आजूबाजूच्या बायका विचारतात. कुणाच्या सासूबाईंना पक्षाघातानंतर एक हात चालत नाही, कुणाच्या आत्याचं एका बाजूचं स्तन ऑपरेशनमध्ये काढलंय. सगळ्यांच्या अंगाला चालेल असं एक कटिंग मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकणार नाही. लकव्याचा हात असेल तर कपडा उघडतो ती बाजू त्या हाताकडे घ्यायची, आणि कपडा आधी त्याच हातात चढवायचा. एका बाजूला छाती नसेल तर दोन पुढचे भाग दोन वेगळ्या आराखड्यांवर कापायचे, त्या बाजूचा टक्स काढून टाकायचा, अस्तर मऊ मलमलचं घ्यायचं आणि व्रणावर शिवण येऊ द्यायची नाही. प्रत्येकीला पहिल्यांदा एवढंच सांगते की मशीन घ्यायच्या आधी त्या माणसाचा एक जुना ब्लाऊज आणा. सगळ्यात चांगला दिसणारा नको, सगळ्यात जास्त घातलेला आणा.

काखेत रंग उडालेला, एखादी शिवण फाटलेली असा ब्लाऊज घ्यायचा. नवं काहीही शिवण्याआधी तो उसवायचा. ब्लेडने नाही, उसवणीने किंवा बारीक टोकाच्या कात्रीने, चार टाके सोडून एक टाका कापत, मग दोरा सरळ ओढून काढायचा. सगळे तुकडे सुटे झाले की उलट्या बाजूने इस्त्री करायचे, पण ओढायचे नाहीत. ते तुकडे ब्राऊन पेपरवर ठेवायचे आणि पेन्सिलने कडा उतरवायच्या, डावा वेगळा, उजवा वेगळा. नीट बघितलं तर दिसतं: एका मुंढ्याची गोलाई दुसऱ्यापेक्षा सैल झालेली आहे, पाठीत आडवा धागा विरळ झालाय, एका कुशीची शिवण दोनदा मारलीय, हूकपट्टीचा तिसरा हूक सोडून बाकी सगळे वाकलेत. जिथे कापड विरळ झालंय तिथे ते अंगाला रोज कमी पडत होतं. तिथे नव्या कागदावर पाव इंच वाढवून रेघ मारा, आणि कात्री त्या बाहेरच्या रेघेवरून चालवा.